तांबीचे पाय गेले तेव्हा: अचानक तोल जाणाऱ्या कोंबडीला कसं तपासावं, कसं सांभाळावं

खुराड्याचं दार उघडलं की तांबी सगळ्यांच्या आधी बाहेर उडी घ्यायची. त्या दिवशीही घेतली, पण पाय टेकताच ती कलली, पंखाचा आधार घेऊन उठायला गेली आणि पुन्हा फतकल मारून बसली. आदल्या संध्याकाळी ती दांडीवर चढताना मी पाहिली होती. दीड वर्षाची, जवळजवळ रोज अंडं देणारी, तुरा लालबुंद. आणि एका रात्रीत पाय गेले.

अशा वेळी काय करायचं हे मला तोवर ठाऊक झालं होतं, कारण त्याआधी तीन वर्षांपूर्वी ते ठाऊक नव्हतं. माझी चांदणी अशीच पडली होती. मी घाबरले, तिची चोच उघडली आणि चमच्यानं पाणी ओतलं. ते श्वासनळीत गेलं. दोन दिवस तिचा श्वास घरघरत होता, तिसऱ्या दिवशी ती गेली. तिचे पाय कशानं गेले होते ते मला कधीच कळलं नाही. ती मेली मात्र मी पाजलेल्या पाण्यानं. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते: पडलेल्या कोंबडीच्या तोंडात काहीही घालण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं तिला बघायचं. पाय जाणं हा रोग नाही, ते लक्षण आहे. त्याच्यामागे कॅल्शियमची कमतरता असू शकते, अडकलेलं अंडं असू शकतं, तळव्यातलं गळू, मुरगळलेला पाय, जीवनसत्त्वांचा अभाव, विषबाधा किंवा मरेकसारखा विषाणू असू शकतो. यातल्या काहींवर चार दिवसांत उतार पडतो, काहींवर औषधच नाही. ते कोणतं हे बरंचसं त्या पंधरा मिनिटांत कळतं.

आधी तिला बाजूला घ्या

पडलेल्या कोंबडीला बाकीच्या टोचतात. कालपर्यंत तिच्या कुशीला झोपणाऱ्याही टोचतात. म्हणून पहिलं काम तिला वेगळं करण्याचं. दोन्ही तळहात पंखांवरून घालून पंख अंगाशी दाबा, एका हातानं छातीखाली आधार द्या आणि पाय लोंबकळू न देता उचला. पायांना धरून उलटी उचलू नका. हाड मोडलं असेल तर तेवढ्यानं त्याची टोकं सरकतात.

ठेवायला पुठ्ठ्याचं खोकं किंवा मोठी टोपली चालते. तळाला जाड टॉवेल घाला. भुसा नको, कारण आडवी पडलेली कोंबडी त्यातच चोच आणि डोळे घासते. दुसऱ्या टॉवेलची गुंडाळी करून त्याचं कडं करा आणि तिला त्यात छातीवर बसवा, म्हणजे ती एका कुशीवर लवंडत नाही. कुशीवर तासन् तास पडून राहिली तर खालच्या बाजूचा पाय आणखी बधिर होतो. खोकं शांत, मंद उजेडाच्या जागी ठेवा. थंडी असेल तर आजारी कोंबडीला २७ ते ३० अंशांची ऊब बरी वाटते, पण दिवा खोक्याच्या एकाच टोकाला लावा. नको झालं तर तिला दूर सरकता येत नाही, हे लक्षात असू द्या.

उन्हाच्या तडाख्यात चोच उघडी टाकून, पंख अंगापासून सैल सोडून धापा टाकत पडली असेल तर मात्र ऊब नको. तिच्या अंगाचं नेहमीचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वर चढायला फारशी जागा उरत नाही. सावलीत घ्या, पाय साध्या गार पाण्यात बुडवा, वारा घाला. बर्फाचं पाणी वापरू नका.

आणखी एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच सांगते. एकाच दिवसात दोन-तीन कोंबड्या पडल्या असतील, मान वाकडी होत असेल, हिरवट पातळ शीट आणि धाप असेल, तुरे आणि चोचीखाली लोंबणारे गलोल सुजून जांभळे पडले असतील किंवा काही धडाधड मेल्या असतील, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. हे राणीखेत किंवा बर्ड फ्लू या साथीच्या रोगांपैकी एक असू शकतं. कोणतीही कोंबडी, अंडी, खोकी जागेवरून हलवू नका, कुणाला देऊ नका, सरकारी पशुवैद्यकांना लगेच कळवा. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय त्यांना हात लावू नका.

पंधरा मिनिटांची तपासणी

वही घ्या. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाची चित्रफीत काढून ठेवा: ती उठायचा प्रयत्न करते तो क्षण, पाय कुठे पडतो, मान कशी राहते. पशुवैद्यांच्या टेबलावर बहुतेक कोंबड्या भीतीनं स्तब्ध बसतात, आणि मग ही चित्रफीतच खरं सांगते.

हात लावायचा तो सर्वांत आधी छातीच्या मधल्या हाडाला. निरोगी कोंबडीत त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं आणि हाडाची कड बोटांना जेमतेम लागते. ते हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं असेल तर दुखणं कालचं नाही, काही आठवड्यांचं आहे. कोंबडी आजार लपवते. कळपात दुबळी दिसणं तिला परवडत नाही, म्हणून ती दाणे टिपल्यासारखं करते, सगळ्यांबरोबर फिरते आणि अगदी शेवटी कोसळते. आपल्याला मात्र ते अचानक वाटतं. छातीचं हाड हे माझ्या मते सगळ्या तपासणीतलं सर्वांत प्रामाणिक उत्तर देतं. तांबीची छाती भरलेली होती. म्हणजे तिचं दुखणं खरोखर नवं होतं.

मग पाय. दोन्ही एकाच वेळी हातात धरा आणि तुलना करत जा. मांडीपासून खाली दाबत या: कुठे सूज, कुठे ऊन लागतंय, कुठे दाबल्यावर ती झटका देते, कुठे हाड करकरतं. आपण ज्याला तिचा उलटा गुडघा समजतो तो खरं तर घोटा असतो; त्याच्या मागून जाणारी जाड शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, जागेवर आहे का, की बाजूला घसरली आहे, ते बघा. वाढत्या पिल्लांमध्ये ती घसरते, आणि खाद्यात मॅंगनीज किंवा कोलीन ही पोषकद्रव्यं कमी पडणं हे त्याचं एक कारण असतं. पहिल्या एक-दोन दिवसांत लक्षात आलं तर पशुवैद्य ती कधी कधी जागेवर बसवू शकतात. तळवा उलटा करून बघा. मधोमध काळी खपली आणि भोवती सूज असेल तर ते गळू. माझा एक वजनदार कोंबडा आठवडाभर लंगडत होता आणि मी नसांचा विचार करत बसले होते. कारण तळव्यात होतं.

आता नसा. तिच्या बोटाला हलका चिमटा घ्या: पाय आत ओढला का? तुमचं बोट तळव्याखाली आडवं धरा: पकड आली का? पायाचा पंजा उलटा करून, म्हणजे बोटांची वरची बाजू टेबलाला लागेल असा ठेवा: तो ती लगेच सरळ करते का, की तसाच राहू देते? चिमट्यानं पाय ओढते पण उलटा पंजा सरळ करत नाही, असं असेल तर संवेदना आहे, पण पाय कुठे आहे याची खबर वर पोचत नाही. दुखणाऱ्या पायाची कोंबडी पाय उचलून धरते, नस गेलेली कोंबडी पाय फरफटत नेते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही.

नंतर मान आणि डोळे. मान मागे वळून चोच आभाळाकडे झाली आहे का, डोकं एका बाजूला कललं आहे का, ती गोल गोल फिरते का? डोकं कललं आहे आणि तोल नेहमी त्याच बाजूला जातो, तर कानातल्या दुखण्याचा किंवा डोक्याला मार लागल्याचा संशय घ्या आणि कानावरची पिसं बाजूला करून आत पू दिसतो का पाहा. मान पूर्ण मऊ पडून जमिनीला टेकली असेल तर ते वेगळंच, त्याबद्दल पुढे. डोळ्याच्या बुबुळाभोवतीचं वर्तुळ नेहमीचं नारिंगी आहे की राखाडी, वेडंवाकडं झालं आहे, हेही नोंदवा.

गळ्याखालची अन्नपिशवी सकाळी रिकामी आणि रात्री भरलेली असायला हवी. शीट हिरवट दिसली म्हणून लगेच घाबरू नका. नुसत्या उपाशी कोंबडीचीही ती पित्तामुळे हिरवी होते. शेपटीखालची पिसं उचलून आणि पंखांखाली उवा, माइट, गोचीड शोधा. खुराड्यातल्या फटींत दिवसा दडणारे गोचीड रात्री कोंबड्यांचं रक्त पितात. त्यांची पिल्लं अंगावर चिकटून राहिली तर लाळेतल्या विषानंही पाय लुळे पडू शकतात. पांढुरका पडलेला तुरा हे रक्त कमी झाल्याचं लक्षण आहे. अशा वेळी रात्री विजेरी घेऊन खुराड्याच्या फटी बघाव्यात.

आणि अंडी देणारी असेल तर पोट. गुदद्वाराखाली, दोन टोकदार हाडांच्या मधे, तळहात अगदी हलका ठेवा. अंड्याएवढं कठीण काही लागतं का? ती शेपटी खाली टाकून, छाती उंच करून उभी राहते आणि कुंथते का? अडकलेलं अंडं पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाब देतं आणि कोंबडी लुळी पडल्यासारखी दिसते. दाबून काढायचा प्रयत्न कधीही करू नका. आत अंडं फुटलं तर पोटात जी सूज पसरते ती बहुतेक वेळा जीव घेते. हाताला सुखद वाटेल अशा कोमट पाण्यात तिला पोटापर्यंत वीसेक मिनिटं बसवा, नीट कोरडी करा, उबदार अंधाऱ्या जागी ठेवा. काही तासांत अंडं पडलं नाही तर पशुवैद्यच हवेत.

तांबीचं काय निघालं

दोन्ही पाय सारखेच अशक्त, पण चिमटा घेतल्यावर दोन्ही ओढत होती. पकड होती, जोर नव्हता. मान सरळ, डोळे स्वच्छ, पोटात अंडं नाही, तळवे साफ. वही मागे चाळली तेव्हा त्या आठवड्यातल्या तिच्या दोन अंड्यांपुढे मीच लिहून ठेवलेलं सापडलं: कवच पातळ.

एका अंड्याच्या कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. अंडं आत तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात आणि त्यातला बहुतेक वेळ, जवळजवळ २० तास, कवच चढण्यातच जातो. हे काम रात्रीतून चालतं, जेव्हा ती खात नसते. खाद्यातून आलेलं कमी पडलं की ती आपल्याच हाडांतून काढते. म्हणून अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम लागतं. माझ्या पिशवीवर ते प्रमाण बरोबर होतं, पण मी रोज संध्याकाळी प्रेमानं मूठ-मूठ धान्य टाकत होते आणि त्या धान्यानं पोट भरलेली तांबी खाद्य कमी खात होती. धान्यात कॅल्शियम नगण्य असतं. चूक माझी होती आणि ती मला अजून लागते.

पशुवैद्यांनी तिला कॅल्शियम दिलं, डी जीवनसत्त्व दिलं, प्रकाशाचे तास कमी करून काही दिवस अंडी थांबू द्या म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली, आठव्या दिवशी चालली. आता शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सतत ठेवलेला असतो आणि धान्य खाद्याच्या दहाव्या हिश्शाच्या वर जात नाही. चुरा खाद्यात मिसळू नका, वेगळाच ठेवा. ज्यांना लागतो त्या बरोबर खातात. पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नका, जादा कॅल्शियमनं त्यांची मूत्रपिंडं खराब होतात.

मरेक, ज्याची सगळ्यांना भीती वाटते

मोरी पाच महिन्यांची तलंग होती. आधी एक पाय किंचित ओढायला लागली, चार दिवसांनी एक पाय पुढे आणि एक मागे अशी पसरून बसायला लागली. नर्तकीसारखी ती बैठक पाहिली आणि माझ्या पोटात गोळा आला. १९०७ मध्ये योझेफ मरेक या हंगेरियन पशुवैद्यानं लुळ्या पडलेल्या चार कोंबड्यांचं, म्हणजे नरांचं, वर्णन केलं, त्यांच्या नावावरून हा आजार ओळखला जातो. हा नागीण-कुळातला विषाणू आहे. तो पिसांच्या मुळांशी वाढतो आणि कोंड्याबरोबर झडून धुळीतून पसरतो. त्या धुळीत तो महिनोन् महिने टिकतो. पायाकडे जाणारी मोठी नस सुजते, आणि बऱ्याचदा ती एकाच बाजूची जास्त सुजते, म्हणून एक पाय पुढे आणि एक मागे. साधारण दीड महिन्यापासून सात-आठ महिन्यांपर्यंतच्या पक्ष्यांत तो जास्त दिसतो. माणसाला तो होत नाही.

औषध नाही. लस आहे, पण ती पिल्लू एक दिवसाचं असताना किंवा अंड्यात असतानाच अठराव्या दिवशी द्यायची असते. लुळ्या पडलेल्या तलंगेला लस देऊन काहीही होत नाही. शिवाय लस विषाणूचा शिरकाव थांबवत नाही, गाठी आणि लुळेपणा थांबवते. लस घेतलेली कोंबडी विषाणू बाळगू आणि पसरवू शकते. म्हणून पिल्लं घेताना लस झाली आहे का हे विचारा, आणि लस दिलेली पिल्लंही पहिले काही आठवडे मोठ्या कोंबड्यांपासून दूर ठेवा.

तरीही नुसत्या बैठकीवरून मरेक ठरवू नका. मूत्रपिंडाची गाठ, मांडीच्या हाडाचं दुखणं, मार, अगदी पिल्लांतली जीवनसत्त्वांची कमतरता यांतही पाय असे पसरू शकतात. मोरीची खात्री तिच्या मरणानंतर झाली. पाच आठवडे मी तिला सांभाळलं. पाचव्या आठवड्यात ती खाणं सोडून बसली तेव्हा पशुवैद्यांकडून तिला शांतपणे झोपवलं. शवविच्छेदनात उजव्या मांडीतली नस डावीच्या दुप्पट जाड निघाली.

जीवनसत्त्वांचे तीन चेहरे

सगळ्यांना सगळं पाजणारे लोक मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही, कारण तीन वेगवेगळ्या कमतरता तीन वेगवेगळ्या दिसतात आणि बघून ओळखता येतात.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांतलं पिल्लू घोट्यांवर बसून चालतं आणि बोटं मूठ वळल्यासारखी आत वळतात, तेव्हा बी-२, म्हणजे रायबोफ्लेविन. माझ्या तीन पिल्लांना हे झालं होतं, खाद्य जुनं निघालं. दोन सावरली. तिसऱ्याकडे माझं लक्ष उशिरा गेलं आणि त्याची बोटं कायमची वाकडी राहिली. नस फार दिवस उपाशी राहिली की जीवनसत्त्व देऊनही ती परत येत नाही.

मान मागे जाऊन चोच आभाळाकडे वळते तेव्हा बी-१, थायमिन. याचा शोधच कोंबड्यांच्या पायांमुळे लागला. १८९० च्या सुमारास जावा बेटावर क्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टराच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला, कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात त्यांना घातला जात होता. नवा आचारी आला, त्यानं तो भात द्यायचं बंद केलं, आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या कोंड्यातच ते होतं जे त्यांना हवं होतं. १९२९ मध्ये आइकमान यांना नोबेल मिळालं. थायमिनची कमतरता असेल तर ते दिल्यावर काही तासांतच फरक दिसतो, म्हणून पशुवैद्य ते लवकर देऊन पाहतात. रक्ती हगवणीवर दिलं जाणारं अँप्रोलियम हे औषध थायमिनच्या विरुद्ध काम करतं, तेव्हा ते नुकतंच दिलं असेल तर सांगायला विसरू नका.

आणि दोन ते चार आठवड्यांचं पिल्लू झोकांड्या खातं, पाठीवर पडून पाय मारतं, डोकं दोन पायांच्या मधे घालतं, तेव्हा ई जीवनसत्त्व. खवट झालेलं खाद्य हे त्याचं नेहमीचं कारण. खाद्याची पिशवी उघडून वास घ्या. तेलकट, जुनाट वास आला तर ती पिशवी आजच फेका.

मऊ मान आणि विष

कोंबडीचे पाय आधी गळाले, मग पंख, मग मान, मग पापण्या, आणि हे सगळं काही तासांत किंवा दिवसभरात झालं, तर बोट्युलिझमचा, म्हणजे कुजक्या वस्तूंत वाढणाऱ्या जिवाणूच्या विषबाधेचा, विचार करा. सडलेल्या प्राण्यावरच्या अळ्या किंवा कुजलेला पाला खाल्ल्यानं ते विष पोटात जातं. ओढली तर पिसं सहज हातात येतात. परिसरात मेलेला उंदीर, पक्षी, कुजलेला ढीग शोधा आणि तो लगेच हलवा, कारण बाकीच्याही तिथेच टोचत असतात. वेळेत हलवलं आणि सौम्य असेल तर ती शुश्रूषेनं सावरते. शिसं हे दुसरं विष: जुना रंग, बॅटरीचे तुकडे, मासेमारीची वजनं. कोंबडी चकाकणारं सगळं गिळते. क्ष-किरण काढला तर ते दिसतं.

शुश्रूषा, ज्यावर सगळं अवलंबून आहे

कारण कोणतंही असो, पडलेली कोंबडी बहुतेक वेळा तहानेनं आणि उपासानं आधी खचते. धडधाकट कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते आणि साधारण पाव लिटर पाणी पिते. पडलेलीला भांड्यापर्यंत जाता येत नाही, एवढंच. म्हणून भांडं तिच्या चोचीच्या उंचीवर बांधा, उथळ ठेवा, डोकं बुडून गुदमरणार नाही असं. स्वतःहून पीत नसेल तर ड्रॉपरनं एक थेंब चोचीच्या बाजूला, कडेवर लावा. ती जीभ हलवते, गिळते. मग दुसरा थेंब. मान सरळ धरता येत नसेल किंवा गिळत नसेल तर एक थेंबही नको. नळीनं पाजायचं काम पशुवैद्यांचं किंवा त्यांनी हात धरून शिकवल्यावर तुमचं.

खाद्य कोमट पाण्यात भिजवून लगदा करा. त्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करला तर न खाणाऱ्याही खातात. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. तांबी माझ्या तळहातावरून खायची आणि भांड्यातून नाही, तेव्हा मी तळहातावरच दिलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी एकाच वेळी वजन करून लिहा. दोन दिवस सलग उतरलं तर तुम्हाला वाटतंय तेवढं ती खात नाही.

दर दोन-तीन तासांनी तिची बसण्याची बाजू बदला. शेपटीखालची जागा दिवसातून दोनदा कोमट पाण्यानं पुसून कोरडी करा. तिथे शीट साचली की माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. छातीच्या हाडावर लाल चट्टा दिसला तर गादी जाड करा.

सहाव्या-सातव्या दिवसापर्यंत उठत नसेल तर झोळी करा. जुन्या सुती कापडाला चार छिद्रं: दोन पायांसाठी, एक शेपटीमागे शीट पडण्यासाठी, एक पुढे डोकं-छाती बाहेर येण्यासाठी. ती चौकटीला अशी टांगा की पाय जमिनीला जेमतेम टेकतील. सुरुवातीला दहा मिनिटं, दिवसातून तीनदा. काही कोंबड्या घाबरून तडफडतात, त्यांना जबरदस्ती नको. बाकी वेळी तिचे पाय हातात धरून सायकल चालवल्यासारखे हलवा, बोटं उघडा-मिटा. मोडलेलं हाड किंवा सुजलेला सांधा असेल तर हा व्यायाम करू नका.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तोडून घालू नका. घरात उरलेलं प्रतिजैविक तर मुळीच नको. पशुवैद्यांनी औषध दिलं तर एक प्रश्न आवर्जून विचारा: किती दिवस हिची अंडी खायची नाहीत? आणि प्रत्येक वेळी तिला हाताळल्यावर साबणानं हात धुवा, मुलांचे आधी.

दवाखान्यात नेताना वही, चित्रफीत, ताज्या शिटेचा नमुना आणि खाद्याच्या पिशवीवरचा छापील मजकूर न्या. माझ्या अनुभवात त्या मजकुरानं दोनदा निदान सोपं केलं.

ती गेलीच, तर शव पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. गोठवलेल्या मांसपेशींत आतलं नीट दिसत नाही. अन्नापासून दूर, दोन पिशव्यांत, आणि शक्य तितक्या लवकर रोगनिदान प्रयोगशाळेत पोचवा. चांदणीच्या वेळी मी हे केलं नाही. मोरीच्या वेळी केलं, आणि त्यामुळे उरलेल्यांचं खुराडं कसं साफ करायचं, नवी पिल्लं कुठे ठेवायची, हे मला ठरवता आलं.

परत कळपात

बरी झालेली कोंबडी एकदम सोडू नका. दोन-तीन आठवडे दूर राहिली असेल तर बाकीच्यांनी टोचण्याचा क्रम नव्यानं लावलेला असतो. मी तांबीला जाळीच्या आडून चार दिवस त्यांच्या नजरेसमोर ठेवलं, खाद्य जाळीच्या दोन्ही बाजूंना. मग संध्याकाळी, सगळ्या दांडीवर चढल्यावर, तिला आत सोडलं. सकाळी लवकर उठून बघायला गेले. दोन टोचण्या झाल्या, रक्त आलं नाही, तेवढ्यावर थांबलं.

दांडी खाली आणली. आधी ती माझ्या कमरेइतकी उंच होती, आता गुडघ्याच्या खाली आहे, पाच सेंटिमीटर रुंद आणि कडा घासून गोल केलेली, खाली जाड भुसा. पहिल्या तीन रात्री तांबी खालीच भुशात बसली. चौथ्या रात्री विजेरी मारली तेव्हा ती दांडीच्या टोकाला होती, दोन्ही पंजांनी घट्ट पकडून.